डोळ्यातलं बीपी बघून कॅरोटिडचा अंदाज कसा घ्यायचा

आधीच सांगतो, हे घरी करायचं काम नाही, आणि काचबिंदूसाठी मोजतात ते प्रेशर वेगळं, हे डोळ्याला रक्त देणाऱ्या धमनीचं बीपी. ती धमनी आतल्या कॅरोटिडला, म्हणजे मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीला फुटते, त्यामुळे मानेत पाइप चोंदला की वर नळाची धार बारीक होते. बायार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९१७ मध्ये यासाठी स्प्रिंगचं छोटं यंत्र आणलं, ऑफ्थॅल्मोडायनॅमोमीटर, नाव नीट म्हणेपर्यंत टेस्ट उरकते.

दोन्ही दंडांचं बीपी आणि डोळ्यांचं प्रेशर लिहून ठेवा. बाहुली मोठी करायचे ड्रॉप टाका, मग भुलीचे. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालंय किंवा पडदा सरकलाय तर यंत्राला हातच लावू नका.

माणसं दोन असली की सोपं, एक ऑफ्थॅल्मोस्कोपमधून (डोळ्याच्या आत बघायचं यंत्र) बघणार, दुसरा दाबणार. पेशंटला समोर एकाच ठिकाणी बघायला सांगून टोक डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला, पांढऱ्या भागावर काटकोनात टेकवायचं, तिरकं झालं की सटकतं. आता हळूहळू दाब वाढवा. डिस्कवरची, म्हणजे डोळ्याच्या मागे नस आत शिरते त्या गोल ठिपक्यावरची धमनी आधी गपगार असते आणि मग एकदम उडायला लागते, उघडमीट उघडमीट, बघणाऱ्याने लगेच "आली" म्हणायचं, तो आकडा डायस्टॉलिक, म्हणजे खालचं बीपी. अजून दाबलं की ती पांढरी पडून उडणं बंद, तो सिस्टॉलिक, म्हणजे वरचं बीपी, पण तिथे रेंगाळू नका, डोळ्याचं रक्तच थांबवलंय आपण, पेशंटला अंधारी येते. मी तर डायस्टॉलिकवरच थांबा म्हणेन.

नवीन लोक इथे फसतात, आकडा पटला नाही की परत दाब, परत दाब. सारखं दाबून डोळ्यातलं पाणी बाहेर जातं, डोळा मऊ पडतो, मग जास्त जोर लावावा लागतो आणि रीडिंग उगाच वर येतं.

नुसत्या आकड्याला फार अर्थ नाही, दोन डोळ्यांतला फरक बघा. साधारण १५-२० टक्के फरक असेल तर कमी आकड्याच्या बाजूच्या कॅरोटिडवर संशय. दोन्ही बाजू सारख्याच चोंदल्या असतील तर फरक दिसणारच नाही, म्हणून दंडाचं बीपी शेजारी ठेवायचं. शिवाय चेहऱ्याच्या धमन्या आडवाटेने रक्त पोचवतात, मग रीडिंग नॉर्मल आणि कॅरोटिड बंद असंही होतं. त्यामुळेच आता थेट मानेचं डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करतात.

आणि एका डोळ्यासमोर काही मिनिटं अंधार येऊन परत दिसायला लागलं असेल तर हे सगळं सोडा, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.