वायरलेस हेडफोनची बॅटरी बदलायची तर

कानावर बसणाऱ्या वायरलेस हेडफोनमध्ये सगळ्यात आधी थकते ती बॅटरी. स्पीकर, बटणं, ब्लूटूथचं सर्किट ठणठणीत असतं. आतला लिथियम पॉलिमर सेल मात्र साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाला की मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येतो आणि पुढे घसरतच जातो. एवढ्यासाठी चांगला हेडफोन टाकून देणं पटण्यासारखं नाही. सोल्डरिंग जमत असेल तर हे एका संध्याकाळचं काम आहे.

दोष बॅटरीचाच आहे ना, हे आधी बघा. ४० टक्के दाखवत असताना अचानक बंद पडणं, आवाज वाढवला की बंद होणं, ही थकलेल्या सेलची लक्षणं. सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. चार्जिंगच होत नसेल तर सॉकेटमध्ये टॉर्च मारा. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत तिथे हिरवट गंज धरतो, वर बॅगेतली धूळ बसते. लाकडी टूथपिक आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरून ते निघालं तर पुढचं काहीच करायला नको.

नवी बॅटरी आधी मागवू नका. उघडा, जुनीवरचा आकडा वाचा, मग खरेदी करा.

उघडण्यापूर्वी चार्ज २०-३० टक्क्यांवर उतरू द्या. भरलेला सेल चुकून दुखावला तर जास्त पेटतो. कानाची गादी कडेने ओढली किंवा किंचित फिरवली की सुटते. (दमटपणाने तिचं रेक्झिन सोलवटलं असेल तर गाद्याही याच वेळी बदला.) खाली चार-पाच छोटे स्क्रू असतात, त्यांना बारीक फुलीच्या, पीएच० किंवा पीएच०० टोकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. झाकण झटक्यात ओढू नका, स्पीकरच्या तारा केसासारख्या असतात आणि सोल्डर केलेल्या जागेपासून लगेच तुटतात. चार्जिंगचं सॉकेट एका कपात आणि बॅटरी दुसऱ्यात, अशीही रचना बरीच दिसते. सुटलेल्या प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा.

सेल बहुधा दुहेरी टेपने चिकटवलेला असतो. तो प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू उचला. धातूचं टोक घालायचं नाही. सेलच्या पिशवीसारख्या आवरणाला भोक पडलं तर आतून धूर आणि आग येते. सेल फुगलेला असेल तर काम खिडकीपाशी करा आणि शेजारी कोरड्या वाळूचं भांडं ठेवा.

सेलवर, उदाहरणार्थ, ६०२५३५ असा आकडा सापडेल. पहिले दोन अंक जाडीचे, म्हणजे ६.० मिमी, मग रुंदी २५ आणि लांबी ३५ मिमी. फुगलेल्या सेलची जाडी मोजून काही कळत नाही, छापील आकड्यावरच विसंबा. नवा सेल तेवढाच किंवा अर्धा मिमी पातळ चालेल, जाड मुळीच नको, कारण झाकणाखाली दाबला गेलेला सेल धोकादायक असतो. या मापात साधारण ५०० एमएएच बसतात. त्याच मापावर १००० लिहिलेलं असेल तर तो आकडा खोटा आहे. क्षमता मूळपेक्षा फार कमीही नको. चार्जिंगचा करंट हेडफोनचा सर्किट बोर्ड ठरवतो, आणि तो लहान सेलला झेपत नाही.

तारा मोजा. तिसरी तार असेल तर ती बहुधा तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरची, सहसा १० किलोओहमची. दोन तारांचा सेल लावला तर कित्येक बोर्ड चार्जिंगच नाकारतात. तिथे साधा रेझिस्टर लावून बोर्डाला फसवता येतं, पण तापण्यापासूनचं संरक्षण जातं. तसं करू नका, तीन तारांचाच सेल शोधा.

खरेदीला मुंबईत ग्रँट रोड स्टेशनहून पूर्वेला लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठा. जुना सेल खिशात घालून लोकलने नेऊ नका, फोटो आणि मापं पुरतात. पिवळ्या टेपखाली संरक्षण पट्टी (सेलला जास्त चार्ज आणि शॉर्टपासून वाचवणारं छोटं सर्किट) असलेलाच सेल मागा आणि दुकानातच मल्टिमीटर लावायला सांगा: ३.७ ते ३.९ व्होल्ट चांगलं, ३ च्या खाली असेल तर परत द्या. लाल तार धन आहे का, हेही तिथेच तपासा. कनेक्टर सारखा दिसला तरी आतल्या तारा उलट असू शकतात, आणि उलट जोडलं की बोर्ड जळतो.

जुन्या तारा एकेक करून कापा. दोन्ही एकदम कात्रीत आल्या की कात्रीच शॉर्ट करते. बोर्डाकडे दोन सेंटिमीटर तार ठेवा. हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आकसून सांधा झाकणारी नळी) आधी ओवा, ऋण तार जोडून झाका, मगच धन तारेचं टोक सोला. सोल्डरिंग आयर्न ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास, प्रत्येक सांध्याला दोन-तीन सेकंद. सेलच्या पत्र्यावर थेट सोल्डर कधीच नाही.

जोडल्यावर हेडफोन सुरू झाला नाही तर घाबरू नका. संरक्षण पट्टी कधीकधी चार्जर लावल्यावरच जागी होते. पहिलं चार्जिंग झाकण नुसतं टेकवून, नजरेसमोर करा. सेल कोमट झाला तर ठीक, चटका बसत असेल तर लगेच काढा. टक्केवारी एकदा पूर्ण चार्ज आणि पूर्ण वापर झाल्यावर ताळ्यावर येते.

जुन्या सेलच्या तारांवर वेगवेगळी टेप लावा आणि तो ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. सुक्या कचऱ्यात टाकला तर पालिकेच्या गाडीत कचरा दाबला जाताना तो फुटतो, आणि गाडीत आग लागते.