ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल घरीच बदललं

पी (पार्किंग) वरून डी (ड्राइव्ह) वर टाकलं की आमची छोटी गाडी क्षणभर थांबून झटका द्यायची. टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग असलेली) जुनी ऑटोमॅटिक, त्यात आमच्या आर्वीकडचा ४५ अंशांचा उन्हाळा. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून पाहिली तर लाल असायचं ते ऑइल काळपट तपकिरी, वासही करपट.

मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं ऑइल आणलं. इथं दुकानदाराचं ‘चालते ना भाऊ’ ऐकू नका. सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं) ऑइल वेगळं, एएमटीचं (साध्याच गिअरबॉक्सचा क्लच आपोआप चालवणाऱ्या गाडीचं) वेगळं. गाडी खळ्याच्या सपाट फरशीवर घेतली, चारही चाकं उचलून स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली कधीच शिरू नये.

ऑइल सोडायला गिअरबॉक्सचा खालचा ड्रेन बोल्ट काढला, त्याच्या चुंबकावर मऊ करडा चिखल होता. तो झिजेचा, चालतो. बोटाला टोचणारे तुकडे लागले असते, तर काम तिथंच थांबवून गाडी मेकॅनिककडे नेली असती.

निघालेलं ऑइल बाटलीनं मोजलं आणि नवा वॉशर लावून बोल्ट परत बसवला, मग तेवढंच नवीन डिपस्टिकच्या नळीतून ओतलं. अर्धंअधिक जुनं कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून काही दिवस गाडी चालवून हेच पुन्हा केलं. लेव्हल मात्र इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवल्यावर, ऑइल गरम असतानाच पाहायची.

झटका गेला. जुनं ऑइल धुऱ्यावर वा विहिरीजवळ ओतू नका, मी तालुक्याच्या गॅरेजात जमा केलं.