छत्तीसगडचा हुकूमनामा, गोंदियात दरखास्त

माझा घटस्फोट छत्तीसगडच्या कोर्टात झाला. हुकूमनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या निकालाच्या कागदात, एकरकमी पोटगी होती, पण छदाम मिळाला नाही. नवरा गोंदिया जिल्ह्यात येऊन धानाची शेती करू लागला. "तिथला कागद इथं चालत नाही, नवी केस टाका," असं गावात जो तो सांगे. माय रडकुंडीला आली. वर्ष त्यातच गेलं, त्याचा राग अजून आहे.

घटस्फोट देशभर लागू असतो, तो पुन्हा मागावा लागत नाही. अंमल करायचा तो पैशांचा. निकाल दिलेल्या कोर्टातच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ खाली अर्ज केला: नवऱ्याचं राहणं, जमीन गोंदियात आहे, हुकूमनामा तिकडं पाठवा. कोर्टानं हुकूमनाम्याची नक्कल आणि वसुली झाली नसल्याचा दाखला पाठवला. हा दाखला विसरू नका बायांनो. मग इथं गोंदियाच्या कोर्टात दरखास्त, म्हणजे निकालातली रक्कम वसूल करून देण्याचा अर्ज, लावली. मुदत १२ वर्षांची असते, म्हणून वेळ गेली नव्हती.

त्यानं मूळ निकालच चुकीचा म्हणून वाद घातला. दरखास्तीत निकाल पुन्हा तपासता येत नाही, तो वाद टिकला नाही. जमीन जप्तीचा हुकूम निघाला, तेव्हा धान विकून त्यानं रक्कम कोर्टात भरली.