सांस्कृतिक महोत्सवाचं मोल कसं मांडावं

"यातून समाजाला काय मिळालं?" असं अनुदान देणाऱ्यांनी विचारलं की अनेक आयोजक उपस्थितीला अंदाजे खर्चाने गुणतात आणि भलामोठा आकडा पुढे करतात. पहिल्याच उलटतपासणीत तो कोसळतो, आणि सोबत खऱ्या कामाचीही पत जाते. आकडा लहान असला तरी चालेल, पण तो प्रश्नांना पुरून उरला पाहिजे.

कामाला लागण्याआधी हद्द ठरवा: हिशोब शहराचा, जिल्ह्याचा की राज्याचा? हद्द जितकी मोठी घ्याल तितके 'बाहेरून आलेले' प्रेक्षक कमी होतात, म्हणून ती मध्येच बदलू नका.

मग प्रेक्षकांची पाहणी. साध्या यादृच्छिक निवडीने (म्हणजे प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखीच संधी देऊन) सुमारे ४०० जणांची उत्तरं मिळाली तर टक्केवारीतली चूक साधारण ५ टक्क्यांच्या आत राहते. १०० जणांवर भागवलं तर ती १० टक्क्यांपर्यंत जाते. स्वयंसेवकांना मोकळं सोडलं तर ते हसऱ्या, निवांत दिसणाऱ्यांनाच गाठतात. म्हणून फाटकातून बाहेर पडणारा दर दहावा माणूस, असा नियम घालून द्या. प्रवेश करतानाच विचारू नका, कारण तेव्हा खर्च व्हायचाच असतो. शक्य असेल तर संमतीने संपर्क घ्या आणि दोन-तीन दिवसांनी विचारा.

प्रश्नावलीत चार प्रश्न तरी हवेतच: कुठून आलात, किती दिवस आलात, तिकिटाशिवाय खर्च किती झाला आणि तो किती जणांचा? शेवटचा भाग हमखास राहून जातो. चौघांच्या कुटुंबाचा खर्च एकट्याच्या नावावर पडला की त्याचा दरडोई खर्च चौपट दिसतो. शिवाय एक कळीचा प्रश्न: "हा महोत्सव नसता तर आज काय केलं असतं?" पर्याय द्या: घरीच थांबलो असतो, इथे तरीही आलो असतो, पुढे कधीतरी आलो असतो, हाच पैसा याच भागात दुसरीकडे खर्च केला असता.

आता हिशोब. समजा तीन दिवसांत ६००० प्रवेश झाले. प्रत्येकजण सरासरी दीड वेळा आला, म्हणजे माणसं ४०००. त्यातले ४० टक्के हद्दीबाहेरचे, म्हणजे १६००. त्यातले ६० टक्के खास महोत्सवासाठी आलेले, म्हणजे ९६०. दरडोई खर्च ५०० धरला (चलन कोणतंही घ्या) तर नवा खर्च होतो ४,८०,०००. सरसकट ६००० ला ५०० ने गुणलं असतं तर ३०,००,००० आले असते, सहापटीहून जास्त! स्थानिकांचा खर्च वगळायचा, कारण तो पैसा एरवीही बहुतेक तिथेच फिरला असता.

या रकमेतूनही गळती वजा करा. दुकानात विकलेला माल बाहेरून आलेला असेल तर हद्दीत फक्त दुकानदाराचा नफा आणि मजुरी उरते. कुठून तरी उचललेला गुणक (एका रुपयाच्या खर्चातून पुढे किती रुपये फिरतात तो आकडा) लावण्यापेक्षा तो न लावलेला बरा. युनेस्कोच्या २०२२ च्या अहवालानुसार जागतिक उत्पन्नात सांस्कृतिक आणि सर्जनशील क्षेत्राचा वाटा ३.१ टक्के आणि रोजगारात ६.२ टक्के आहे. क्षेत्राचा आवाका कळायला हे ठीक, पण तुमच्या महोत्सवाबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

जे लोक कधी येतच नाहीत त्यांच्याही लेखी महोत्सवाला मोल असतं: मुलांसाठी तो टिकावा, आपल्या गावाची ओळख राहावी. हे तपासायला न येणाऱ्यांनाही विचारा: "तो सुरू राहावा म्हणून वर्षाला इतका कर जास्त द्याल का?" रक्कम वेगवेगळ्या लोकांच्या प्रश्नावलीत वेगळी ठेवा, उत्तर हो किंवा नाही. 'नाही' म्हणणाऱ्याला कारण विचारा. करालाच विरोध असलेला माणूस आणि महोत्सव नको असलेला माणूस, हे दोन निराळे गट आहेत. कागदावर लोक खिशापेक्षा सढळ असतात, हे अहवालात लिहा.

शिक्षण, मैत्री, आत्मविश्वास यांचे बदल पैशांत बसवायचा अट्टहास नको. कार्यशाळेआधी आणि तीन महिन्यांनी तेच प्रश्न विचारा, आणि कार्यशाळेत नसलेल्या तशाच गटालाही. तुलनेला गट नसेल तर 'आमच्यामुळे बदल झाला' असं म्हणू नका.

कलावंतांचे तास मात्र नक्की नोंदवा: तालीम, सामान बांधणं, प्रवास, सगळं. दीड तासाच्या प्रयोगामागे किती विनामोबदला श्रम आहेत ते तेव्हाच दिसतं. बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्येच दाखवलं होतं की चार वादकांची रचना वाजवायला आजही चौघेच लागतात, इतर क्षेत्रांत उत्पादकता वाढून वेतन चढतं तसा इथला खर्चही चढतो. म्हणून वाढता खर्च म्हणजे ढिसाळपणा, असा अर्थ काढणाऱ्या समितीपुढे ही नोंदवही ठेवा.

पैसा, लोकांची पसंती, झालेले बदल आणि श्रम, हे चार रकाने वेगळेच छापा. त्यांची बेरीज करू नका, कारण एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. अहवालाला प्रश्नावली जोडा, आणि पुढच्या वर्षी तिचा एक शब्दही बदलू नका.