'डेटा टू लाँग' एरर आली? कॉलम वाढवायच्या आधी नक्की काय लांब आहे ते शोधा

ग्राहकाचा पत्ता सेव्ह करायला गेलं की स्क्रीनवर एरर, लॉगमध्ये "डेटा टू लाँग फॉर कॉलम", आणि ग्रुपवर विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं, अरे व्हारचार (मजकुराच्या कॉलमचा प्रकार, पुढचा आकडा म्हणजे मावणारी लांबी) २५५ करून टाक ना. कधीकधी तेच बरोबर असतं, पण बऱ्याचदा नसतं. पुण्यात जे लोक पतसंस्था, हाउसिंग सोसायट्या, दवाखाने, गणपती मंडळाच्या पावत्या असली मराठीत डेटा भरायची सॉफ्टवेअरं सांभाळतात त्यांना ही एरर इंग्रजी डेटावाल्यांपेक्षा जास्त वेळा भेटते, आणि त्याचं कारण लोकांचे पत्ते मोठे असतात एवढंच नाहीये. आपण लांबी डोळ्याने अक्षरांत मोजतो, डेटाबेस ती युनिकोडच्या कॅरेक्टरमध्ये मोजतो किंवा बाइटमध्ये मोजतो, आणि हे तीन आकडे मराठीत एकमेकांपासून फार लांब असतात.

एक साधा पत्ता घ्या: "खुन्या मुरलीधर मंदिराजवळ, सदाशिव पेठ, पुणे ४११०३०". यात स्पेस आणि स्वल्पविराम धरून ४९ कॅरेक्टर आहेत, कारण प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत हे वेगळं कॅरेक्टर धरलं जातं. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाइटमध्ये साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक कॅरेक्टर ३ बाइट घेतं, स्पेस आणि स्वल्पविराम १ बाइट, म्हणजे हाच पत्ता १३१ बाइटचा होतो. पिनकोडचे मराठी आकडेसुद्धा ३-३ बाइटचे, तेवढाच पिन इंग्रजी आकड्यात टाकला तर १२ बाइट वाचतात. आणि "लक्ष्मी" बघा, डोळ्याला दोन अक्षरं, डेटाबेसला ७ कॅरेक्टर, २१ बाइट. त्यामुळे "मी तर दहाच अक्षरं टाकली" असं युजर म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

आता कुठला डेटाबेस काय मोजतो आणि एरर कशी देतो ते, कारण यावरच पुढचं सगळं ठरतं.

मायएसक्यूएलमध्ये व्हारचार ५० म्हणजे ५० कॅरेक्टर, बाइट नाही, म्हणून वरचा पत्ता तिथे कसाबसा बसतो. एरर नंबर १४०६, एसक्यूएल स्टेट २२००१, आणि कॉलमचं नाव सरळ मेसेजमध्येच असतं त्यामुळे शोधाशोध कमी. एकाच इन्सर्टमध्ये (ओळी टाकायची कमांड) शंभर ओळी टाकल्या असतील तर "ॲट रो ३७" म्हणजे त्या स्टेटमेंटमधली ३७ वी ओळ, टेबलमधली नाही, यात नवीन लोक हमखास फसतात. पण मायएसक्यूएलची टेक्स्ट टाइप मात्र बाइटमध्ये मोजते, टेक्स्टची मर्यादा ६५,५३५ बाइट म्हणजे नुसत्या देवनागरीचे २१,८४५ कॅरेक्टर, आणि टायनीटेक्स्ट २५५ बाइट म्हणजे फक्त ८५ कॅरेक्टर. कोणी व्हारचार १०० वरून "मोठं" करायचं म्हणून टायनीटेक्स्ट केलं तर मराठीसाठी कॉलम उलटा लहान झाला.

ओरॅकलमध्ये व्हारचार२ (१००) लिहिलं आणि सेटिंग डिफॉल्ट असेल तर ते १०० बाइट असतात. वरचा पत्ता तिथे ओआरए-१२८९९ देणार, ॲक्च्युअल १३१, मॅक्सिमम १००. हा मेसेज मला मनापासून आवडतो कारण स्कीमा, टेबल, कॉलम, आलेली लांबी, चालणारी लांबी सगळं एका ओळीत मिळतं. इथे उपाय आकडा वाढवणं नाही, व्हारचार२ (१०० कॅर) असं स्पष्ट लिहा. फक्त लक्षात ठेवा, कॅर लिहिलं तरी वरची ४००० बाइटची मर्यादा तशीच राहते, १२सी पासून एक्स्टेंडेड सेटिंग चालू केलं असेल तरच ती ३२,७६७ होते.

पोस्टग्रेसमध्ये कॅरेक्टरच मोजले जातात पण मेसेज येतो "व्हॅल्यू टू लाँग फॉर टाइप कॅरेक्टर व्हेरिंग(५०)", कॉलमचं नाव नाहीच. ५० लांबीचे सात कॉलम असतील तर बसा शोधत. कॉपी कमांडने फाइल लोड करत असाल तर कॉन्टेक्स्टच्या ओळीत फाइलची ओळ आणि कॉलम दोन्ही मिळतं, म्हणून बल्क डेटा अडला की मी तरी कॉपीनेच लोड करून बघा म्हणून सांगतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये जुनी एरर ८१५२, "स्ट्रिंग ऑर बायनरी डेटा वुड बी ट्रंकेटेड", ना टेबल ना कॉलम. २०१९ पासून २६२८ नंबरची नवी एरर आली, तिच्यात टेबल, कॉलम आणि कापली जाणारी व्हॅल्यूसुद्धा असते. २०१६ आणि २०१७ वर असाल तर अपडेट टाकून ट्रेस फ्लॅग ४६० चालू केला की तेच मिळतं. मराठी असेल तर इथे एनव्हारचारच (युनिकोडवालं व्हारचार) घ्या आणि स्ट्रिंगच्या आधी एन लावा, नाहीतर नेहमीच्या कोलेशनवर (अक्षरं साठवायच्या आणि जुळवायच्या सेटिंगवर) लांबीची एरर येतच नाही, थेट प्रश्नचिन्हं सेव्ह होतात आणि ते जास्त वाईट.

आणि एसक्यूलाइट. ते व्हारचार ५० मधला ५० बघतच नाही, कितीही लांब मजकूर गपचूप घेतं. लॅपटॉपवर एसक्यूलाइट आणि सर्व्हरवर पोस्टग्रेस असं ठेवलं की "माझ्याकडे तर चालतंय" हे वाक्य ठरलेलं. टेस्टिंग त्याच डेटाबेसवर करा जो लाइव्हला आहे, याला पर्याय नाही.

बरं, कॉलम सापडला, आता व्हॅल्यू बघा. नुसती बघू नका, मोजा. मायएसक्यूएलमध्ये कॅरेक्टर_लेंग्थ कॅरेक्टर देतं आणि लेंग्थ बाइट देतं, पोस्टग्रेसमध्ये लेंग्थ कॅरेक्टर आणि ऑक्टेट_लेंग्थ बाइट, एसक्यूएल सर्व्हरमध्ये लेन कॅरेक्टर आणि डेटालेंग्थ बाइट, ओरॅकलमध्ये लेंग्थ आणि लेंग्थबी. एकच नाव दोन डेटाबेसमध्ये दोन अर्थांनी आहे आणि लेन शेवटच्या स्पेस मोजत नाही, हे दोन्ही ध्यानात ठेवून बघा. कुठला कॉलम ते कळतच नसेल तर त्याच टेबलची एक कॉपी बनवा ज्यात सगळे कॉलम टेक्स्ट, म्हणजे मायएसक्यूएलवर लाँगटेक्स्ट आणि एसक्यूएल सर्व्हरवर एनव्हारचार मॅक्स, डेटा तिथे घुसवा, आणि मग प्रत्येक कॉलमची कमाल लांबी काढून इन्फर्मेशन स्कीमातल्या कॅरेक्टर_मॅक्सिमम_लेंग्थशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, डोळ्यांनी सीएसव्ही चाळत बसण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

मोजल्यावर बऱ्याचदा असं निघतं की खरा मजकूर छोटाच आहे, त्याच्याबरोबर कचरा आलाय. एक्सेलमधून कॉपी केलं की शेवटी न्यूलाइन आणि टॅब, वर्डमधून एडिटरमध्ये पेस्ट केलं की मजकुराच्या दहापट एचटीएमएल, कधी तर आख्खा फोटो बेस६४ म्हणजे लांबलचक मजकूर होऊन रिमार्कच्या कॉलममध्ये. मराठीत अजून एक न दिसणारी भानगड आहे. "कऱ्हाड" दोन पद्धतींनी टाइप होतं, एकात ऱ हे स्वतंत्र कॅरेक्टर असतं आणि एकूण ६ होतात, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर असतो आणि ७ होतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. लांबीला एकाचा फरक, पण शोधताना, डुप्लिकेट बघताना त्रास मोठा, म्हणून सेव्ह करायच्या आधी ट्रिम करणं, डबल स्पेस काढणं आणि नावं एकाच पद्धतीत आणणं हे कोडमध्ये एकाच ठिकाणी करून टाका.

जुना डेटा नवीन सिस्टीममध्ये आणताना तर हा प्रश्न येणारच. सी-डॅकच्या जिस्टवर किंवा इस्की एन्कोडिंगमध्ये (युनिकोडच्या आधीची भारतीय लिप्यांची पद्धत) वर्षानुवर्षं भरलेला डेटा अजून निघतो, त्यात देवनागरीचा एक कोड म्हणजे एक बाइट होता, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधला ४० चा नावाचा फील्ड व्यवस्थित पुरायचा. तोच डेटा युनिकोडमध्ये आणला की १२० बाइटपर्यंत जातो, आणि नवीन टेबलमध्ये कोणी जुन्या स्ट्रक्चरवरून ४० बाइट उतरवून ठेवले असतील तर पहिल्याच शंभर सभासदांत अडणार. लोड करायच्या आधी सगळ्या लांब्या मोजून घ्या, नंतर नाही.

आता काय करू नये ते, आणि इथे मी थोडा हट्टी आहे. नेटवर लगेच सापडतं की मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड (न बसणारा डेटा नाकारणारं सेटिंग) बंद करा किंवा इन्सर्ट इग्नोर वापरा, एरर जाते. एरर जाते पण मजकूर कापून सेव्ह होतो आणि मागे फक्त एक वॉर्निंग राहते जी कोणी बघत नाही. ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड डिफॉल्ट चालू केला तो याचसाठी. कोडमध्ये सबस्ट्रिंग मारून कापणं हेही तेच. "ज्ञानेश्वर" १० कॅरेक्टरचं नाव, ८ वर कापलं की "ज्ञानेश्" उरतं, लटकता हलंत घेऊन. ते नाव पासबुकवर छापलं जातं, आधारशी जुळत नाही, आणि हेलपाटे त्या माणसाला पडतात. पोस्टग्रेसमध्ये कास्ट करून म्हणजे टाइप बदलून व्हारचार ५० केलं तरी असंच गुपचूप कापलं जातं, ते कुठे लिहून ठेवलंय का तेवढं कोडमध्ये शोधून बघा.

कॉलम खरंच वाढवायचा असेल तर बिनधास्त वाढवा, फक्त कसं ते बघून. मायएसक्यूएलमध्ये मॉडिफाय कॉलम लिहिताना नॉट नल, डिफॉल्ट, कॉमेंट सगळं परत लिहावं लागतं, नाही लिहिलं तर ते उडतं, आधी शो क्रिएट टेबल करून जुनी ओळ कॉपी करून घ्या. दुसरं म्हणजे लांबी साठवायला मायएसक्यूएल २५५ बाइटपर्यंत १ बाइट आणि पुढे २ बाइट वापरतो, यूटीएफ८एमबी४ मध्ये (मायएसक्यूएलचं पूर्ण यूटीएफ-८) एक कॅरेक्टर ४ बाइटचं धरलं जातं म्हणून ही सीमा ६३ आणि ६४ च्या मधे येते. म्हणजे ५० चं १०० केलं तर पूर्ण टेबल कॉपी होणार, १०० चं २०० केलं तर झटक्यात होतं. अल्गोरिदम इनप्लेस, लॉक नन असं लिहूनच चालवा, जमत नसेल तर तो लगेच नाही म्हणतो, भर दुपारी टेबल अडकून बसत नाही. पोस्टग्रेसमध्ये ९.२ पासून व्हारचार वाढवायला टेबल परत लिहावं लागत नाही, लॉक क्षणभराचाच, पण तरी गर्दीच्या वेळी नको. कॉलमवर इंडेक्स (लवकर शोधायची सूची) असेल तर मायएसक्यूएलमध्ये १०७१ एरर येऊ शकते, जुन्या रो फॉरमॅटला ७६७ बाइटची मर्यादा आहे आणि ४ ने भागलं की १९१, पीएचपीच्या लॅराव्हेल फ्रेमवर्कवाल्यांना हा आकडा माहीत असेल. नव्या डायनॅमिक फॉरमॅटला ३०७२.

आणि मेन टेबल वाढवून थांबू नका. हिस्ट्री किंवा ऑडिटचं टेबल जुन्याच लांबीवर असतं, ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारा कोड) तिथे लिहायला जातो आणि एरर मात्र मेन टेबलवर इन्सर्ट केल्यावर आल्यासारखी दिसते, कॉलम तर वाढवलाय मग ही का, म्हणून लोक तासन्‌तास डोकं धरून बसतात. एसक्यूएल सर्व्हरच्या स्टोअर्ड प्रोसिजरचा (डेटाबेसमध्येच ठेवलेल्या कोडचा) पॅरामीटर जुन्या लांबीचा राहिला तर एररही येत नाही, आत शिरतानाच मजकूर कापला जातो. रिपोर्टिंगचा डेटाबेस, दुसऱ्या सिस्टीमला जाणारी फाइल, हे पण बघा.

किती ठेवायचं? पॅन १०, जीएसटीआयएन १५, आयएफएससी ११, पिन ६, आधार १२, हे ठरलेले आहेत, तिथे जास्त लांब काही आलं तर चूक डेटाचीच आहे, कॉलमला हात लावू नका, एरर येऊ द्या. ईमेल २५४. पासवर्डचा बीक्रिप्ट हॅश ६० चा असतो पण पुढे पद्धत बदलेल म्हणून २५५ ठेवा. नाव आणि पत्ता यात मात्र कंजुषी करू नका, पूर्ण नावाला २०० आणि पत्त्याला ५०० कॅरेक्टर सहज द्या, "च्या मागे, च्या समोर, वरचा मजला" लिहिल्याशिवाय पेठेतलं घर कुरिअरवाल्याला सापडत नाही.

शेवटचं काम फॉर्मवर. मर्यादा तिथेही तीच लावा आणि मेसेज मराठीत, किती झाले किती चालतात ते सांगणारा. पायथॉनच्या जँगो फ्रेमवर्कमध्ये मॅक्स_लेंग्थ फॉर्म तपासतो, नुसतं मॉडेल सेव्ह केलं तर तपासत नाही. ब्राउझरचा मॅक्सलेंग्थ टेक्स्टएरियात एंटरला १ मोजतो पण सर्व्हरवर पाठवताना त्याचे २ कॅरेक्टर होतात, चार ओळींचा पत्ता मर्यादेवर असेल तर तिथेच फसतो, म्हणून सर्व्हरवर एंटर एकसारखे करून मग मोजा. बहुतेक इमोजी ब्राउझर किमान २ मोजतो आणि मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ८ असे इमोजी घेतच नाही, त्याची १३६६ नंबरची वेगळी एरर येते, तिला लांबी वाढवून काही होत नाही, यूटीएफ८एमबी४ लागतं. टेस्टमध्ये तीन नमुने कायमचे टाकून ठेवा: मर्यादेइतका भरगच्च जोडाक्षरांचा पत्ता, त्याच्यापेक्षा एकच कॅरेक्टर जास्त असलेला, आणि मर्यादेवरचा पण चार ओळींत एंटर मारून लिहिलेला. पहिला आणि तिसरा सेव्ह झालाच पाहिजे आणि परत वाचल्यावर जसाच्या तसा आला पाहिजे, दुसरा नाकारला गेला पाहिजे, तोही डेटाबेसपर्यंत न जाता फॉर्मवरच.