नवे बॉन्ड, नवी कॅप आणि त्याच त्या चुका : या टाळा

दातात चांदी, म्हणजे पारा मिसळलेले चांदीचे मिश्रण, भरण्याचे दिवस सरत चालले आहेत. पाऱ्याविषयीच्या 2013 च्या मिनामाता करारानंतर तिचा वापर कमी होत गेला आणि युरोपीय संघाने मोजके अपवाद ठेवून 1 जानेवारी 2025 पासून ती बंदच केली. तिच्या जागी आलेले कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचे, प्रकाशाने घट्ट होणारे फिलिंग), ते दाताला चिकटवणारे एका बाटलीतले युनिव्हर्सल बॉन्ड आणि कॅपचे कणखर सिरॅमिक झिरकोनिया निःसंशय सरस आहेत; मात्र चांदी थोडीफार लाळ आणि थोडीफार घाई सहन करून घेत असे, तसे हे पदार्थ करत नाहीत, ही गोष्ट जळगाव-धुळ्याकडे नव्याने दवाखाना थाटणाऱ्या तरुण मंडळींना अजून पुरती पटलेली दिसत नाही.

सर्वांत जास्त आढळते ती झिरकोनियाच्या कॅपची चूक. चोपड्याकडचे एक शेतकरी काका दाढेची कॅप कागदाच्या पुडीत बांधून माझ्याकडे आले. दुसऱ्या एका दवाखान्यात बसवलेली ही कॅप तिसऱ्यांदा निघाली होती. “डॉक्टरसाहेब, आते हाई दाढच काढी टाका,” असे ते कंटाळून म्हणाले. दाढ शाबूत होती. कॅप आतून कोरी, चकचकीत होती आणि सगळे सिमेंट दाढेलाच चिकटून राहिले होते. म्हणजे पकड सुटली ती झिरकोनियाच्या बाजूने. संबंधित डॉक्टरांशी बोलल्यावर कळले की, ट्राय-इननंतर, म्हणजे कॅप तोंडात बसवून पाहिल्यावर, ती आतून एचिंगच्या (दात खरखरीत करण्याच्या) जेलने साफ केली जात होती. लाळेतील फॉस्फेट झिरकोनियाला धरून बसते आणि एचिंगचे जेल म्हणजे फॉस्फोरिक आम्लच. त्यामुळे प्रायमरमधील (सिमेंटआधी लावायच्या द्रवातील) एमडीपी या चिकटवणाऱ्या घटकाने जिथे धरायचे, त्याच जागा त्याने आणखी अडतात. हायड्रोफ्लोरिक आम्लही येथे कामाचे नाही. ते लिथियम डायसिलिकेट या दुसऱ्या सिरॅमिकमधील काच कोरते, झिरकोनियात काचच नसते.

माझी पद्धत ठरलेली आहे. ट्राय-इन झाली की कॅप धुऊन, वाळवून, तिला आतून 50 मायक्रॉनच्या ॲल्युमिनाच्या कणांनी हलक्या दाबावर सँडब्लास्टिंग (कणांचा मारा) करायचे, लगेच एमडीपीचा प्रायमर लावायचा आणि त्यानंतर आत बोट लागू द्यायचे नाही. “लॅबमधूनच सँडब्लास्ट होऊन आली आहे” हे उत्तर मी मान्य करत नाही, कारण लाळ लागते ती लॅबनंतर.

दुसरी चूक आपल्या उन्हाळ्यात अधिक नडते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, वीज गेली की फ्रिज बंद पडतो आणि बॉन्डची बाटली मात्र सकाळपासून ट्रेवर उघडी असते. त्यातील अल्कोहोल किंवा ॲसिटोन उडून गेले की उरलेला घट्ट द्रव दातात नीट मुरत नाही, आणि पुढे सहा महिन्यांत फिलिंगच्या कडेला काळी रेघ उमटली की दोष कंपनीला दिला जातो. थेंब ऐन वेळी काढावा, झाकण लगेच लावावे, बॉन्ड वीस सेकंद दातावर चोळावे आणि पातळ थर हलायचा थांबेपर्यंत सौम्य हवेने वाळवावे. एका बाटलीत सगळे आले म्हणून ही वीस सेकंदेही वाचवू पाहणाऱ्यांनी, माझे स्पष्ट मत आहे, कॉम्पोझिटला हात लावू नये.

बल्क-फिल (जाड थरात भरायचे कॉम्पोझिट) म्हणजे वाटेल तेवढा जाड थर नव्हे. बहुतेकांची मर्यादा 4 मिलिमीटर आहे. दाताच्या नसेजवळ वापरायचे कॅल्शियम सिलिकेट सिमेंट घट्ट होण्यापूर्वी त्यावर पाण्याचा फवारा मारू नये. ग्लास आयोनोमर या फिलिंगच्या सिमेंटवर संरक्षक लेप अवश्य द्यावा. उंच लागणारी झिरकोनियाची कॅप तोंडातच घासली, तर तिला पुन्हा आरशासारखे पॉलिश करावे, अन्यथा ती समोरचा दात झिजवते. लाइट क्युअरच्या (कॉम्पोझिट घट्ट करणाऱ्या दिव्याच्या) टोकाला वाळलेले कॉम्पोझिट चिकटलेले असेल, तर ते आधी काढावे आणि क्युअर करताना नजर खिडकीबाहेर नव्हे, नारिंगी ढालीतून दातावरच ठेवावी. टोक जरासे सरकले तरी खोल थर कच्चा राहतो आणि वरून हात फिरवून ते कळत नाही.