खुर्चीतून उठा, एवढंच

मी दिवसभर बसून हिशेब करणारा माणूस. तुम्हीही असेच असाल आणि चालणं वाढवायचं असेल, तर आधी आठवडाभर काही न बदलता फोनवर नुसती पावलं मोजा. माझी रोजची जेमतेम २,८०० निघाली, लाज वाटली. मग दर आठवड्याला पाचशे-पाचशे वाढवा. फोन आला की उभं राहून बोला. पाण्याची बाटली मुद्दाम लहान घ्या, भरायला उठावंच लागतं! रोज १०,००० पावलांचं दडपण नको. तो आकडा १९६५च्या एका जपानी पाऊलमापकाच्या नावातून आलाय. दम वाढवायचा तर जिने चढा, धाप लागेल इतपत. वजन मात्र सावकाश उतरतं, कारण अर्ध्या तासाच्या चालण्यात खर्चलेल्या शंभर-दीडशे कॅलरी भूक सहज वसूल करते. म्हणून काटा आठवड्यातून एकदाच बघा.